चौसष्टावी फ्रेम

तिचा कॅमेरा जुना. लाल अडवणारी आतली काच
तिनंच काढलेली, चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं,
लक्ष्मी रोडच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना.
माझा नवा, हप्त्यांवरचा, काचेसकट.
म्हणून तिच्या मृगात जास्वंदीसारखं लाल
आणि माझ्यात नुसता निळसर धूर.

तिच्या फ्रेम्स केळदच्या, वेल्ह्याच्याही पुढच्या,
जिथं काळोख अजून खाचरांपर्यंत उतरतो.
माझ्या धनकवडीच्या गच्चीवरच्या.
कात्रजकडून हायवेचा उजेड, आणि वरून
सोमणांनी बसवलेला सोसायटीचा फ्लडलाइट,
"चोर येतात हो" म्हणून.
दोन्हींच्या मध्ये साडेचार वर्षं.

तिचा पिक्सेल जाड, माझा बारीक.
तिचं वर ते माझ्याकडे डावीकडे कललेलं.
नुसतं एकावर एक ठेवलं
तर व्याधाच्या बाणाला तीनाऐवजी सहा तारे.

सॉफ्टवेअर त्रिकोण शोधतं.
कुठलेही तीन तारे, त्यांच्या बाजूंची गुणोत्तरं.
आकाश फिरवा, ताणा, आखडा,
गुणोत्तर जागचं हलत नाही.
(समरूप त्रिकोण. बागवे बाई. पट्टीची उभी कड
बोटांच्या पेरांवर. आज पटलं.)
दोनशे अकरा सामाईक तारे निघाले.
शेवटी शेवटी आम्हा दोघींत
तेवढे विषयसुद्धा उरले नव्हते.

मग ते चाळतं.
जे एकाच फ्रेममध्ये दिसलं, बाकीच्यांत नाही,
ते खोटं, असं धरून चालतं.
लोहगावहून उठलेलं विमान गेलं.
तीन उपग्रह गेले.
तस्नीमनं चहा ओतताना लावलेली बॅटरी,
खालच्या कोपऱ्यात पिवळी सांडलेली,
तीही गेली.

चौसष्टावी त्यानं घेतलीच नाही.
"तारे सापडले नाहीत", एवढाच शेरा.

उघडली.
रात्रीचे दोन एकेचाळीस.
तारे नाहीत, रेघा आहेत.
दुर्बीण पडत होती आणि शटर उघडं होतं.

त्या रात्री मी म्हणाले होते,
नळीचा क्लॅम्प तू आवळला नाहीस.
ती काही बोलली नाही. आरशाचे तुकडे
शालीत गोळा केले, मोठे आधी, मग बारीक.
उजाडेपर्यंत गाडीत दोघी,
आणि खडकवासल्यापाशी मी रेडिओ लावला.
नंतर तिची हार्ड डिस्क तेवढी माझ्याकडे राहिली.

भोसरीत मी दिवसभर हेच करते.
बेअरिंगच्या कड्या मोजते,
तुटलेला तुकडा भिंगाखाली धरून सांगते
आधी काय सुटलं.
चार वर्षं ही फ्रेम घरात होती
आणि मी कधी भिंग काढलं नाही.

रेघा पूर्व-पश्चिम आहेत.
सगळ्या एकाच बाजूला, एकमेकींना समांतर,
पट्ट्यातल्या तिन्ही ताऱ्यांच्या सारख्याच लांबीच्या.
म्हणजे नळी क्लॅम्पमधून निसटली नव्हती.
ती घट्ट बसलेली होती आणि अख्खी फिरली,
अक्षाभोवती, दुसऱ्या टोकाचा भार गेल्यावर.
दुसऱ्या टोकाला पाच किलोचं वजन.
ते मी लावलं होतं. थंडीनं बोटं बधिर होती,
हातमोजा काढायचा कंटाळा केला होता.

स्टॅकिंग संपलं.
तिचं लाल, माझे टोकदार तारे.
दोन चौकटी तिरक्या पडल्यानं
कडा दातेरी, कोपरे काळे,
कापून मधलं तेवढं ठेवायचं.
जुळणीतली चूक शून्य दशांश तीन पिक्सेल.
एवढ्याला आम्ही भोसरीत पास करतो.

ते चित्र पाठवलं नाही.
चौसष्टावी मेलला जोडली.
खाली काय लिहावं, अर्धा तास खोडत बसले.
"वजन सुटलं होतं", लिहिलं.
मग "सुटलं होतं" खोडून
"मी आवळलं नव्हतं".

खिडकीत सोमणांचा फ्लडलाइट.
तो सहाला बंद होतो.