मूळ देश

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या शेडमध्ये
चौदाशे व्हॉल्व्ह बॉड्या पडून आहेत,
तेलकट कागदात गुंडाळलेल्या, पाइनच्या पेट्यांत,
ओहायोला जायच्या.
नऊ आठवडे झाले.
पेट्यांवर आता सातेरी हलगेकर डबा उघडून बसतो,
आणि दुपारी एक मांजर.

कारण मी फायलीला लावलंय. थोडक्यात मावतं:
आपल्या देशानं रशियाकडून तेल घेतलं,
ते अमेरिकेला खटकलं,
म्हणून पंचविसावर आणखी पंचवीस.
ह्यात बेळगाव कुठं आलं,
सातेरीनं विचारलं.
म्हटलं, शेवटच्या रकान्यात.

तो रकाना मीच भरते, एकवीस वर्षं.
'मूळ देश' असं विचारलेलं असतं त्यात.
माझा हात थांबत नाही.
वडिलांचा थांबायचा.
जन्माचा दाखला मुंबई राज्याचा,
शाळा सोडल्याचा म्हैसूरचा,
पेन्शन कर्नाटकाची,
आणि घर कडोलीत, दारात तीच दगडी डोणी,
वीतभरही न हललेलं.
कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी पेन्सिल टेकवली होती.
ते त्यावर कधी रागानं बोलले नाहीत.
बसमध्ये चढताना फक्त
कंडक्टरचा चेहरा बघून भाषा निवडायचे
आणि सुट्टे पैसे मुठीत मोजून ठेवायचे.
मला वाटतं, वकिलाती
ह्याहून फार वेगळं काही करत नसाव्यात.

सोमवारी ओहायोहून मेल आला.
डेनिस बाई चांगली आहे,
दर ऑगस्टला पावसाची चौकशी करते.
लिहिलं होतं: परिस्थितीचा आढावा घेत आहोत.
मालक, इरण्णा हुक्केरी, म्हणाले, म्हणजे काय?
म्हटलं, "नोडूण."
ते हसले.
ह्या भागात तो शब्द सगळ्यांना कळतो.
उधारी मागितली की, नोडूण.
सोयरीक काढली की, बघू.
पाटीवर मराठी कधी येणार विचारलं की
दोन्ही भाषांत, एकामागून एक.
नाही न म्हणता नाही.
होय न म्हणता दार किलकिलं.
पण चौदाशे नगांवर येऊन बसला
की पेटीच्या फळ्या वाकतात.

गुरुवारी दलाल आला, पांढरी गाडी, कोल्हापूरचा नंबर.
म्हणाला, माल तिसऱ्याच देशात उतरवू,
तिथं नवा कागद, नवा मूळ देश,
जग आता असंच चाललंय मॅडम,
मोठी माणसं सकाळी कुणाशी हात मिळवतात
आणि रात्री कुणाशी,
आपणच का एका जागी उभं राहायचं?
सातेरी कोपऱ्यात ऐकत होता.
उठला, एक बॉडी आणली,
टेबलावर उताणी ठेवली.
आत, जिथं ग्राइंडर पोचत नाही,
साच्यातूनच उमटलेली उभार अक्षरं:
हीट नंबर, आणि खाली देशाचं नाव.
"ह्येचं काय करूचं?"

दलाल म्हणाला, त्याचंही होतं काहीतरी.

मला आमच्या वेशीवरची पाटी आठवली.
रात्री कुणीतरी काळं फासायचं,
सकाळी कुणीतरी रंगवायचं,
पुन्हा काळं, पुन्हा रंग.
आता थर इतका जाड झालाय
की पत्रा गंजत नाही.

इरण्णांनी चहा मागवला.
दलालाला म्हणाले, "नोडूण."
मी त्यांच्याकडे बघितलं.
त्यांनी माझ्याकडे नाही.

संध्याकाळी डेनिसला उत्तर लिहिलं:
पाऊस ह्या वर्षी बरा आहे.
पेट्या कोरड्या आहेत.
मांजरीला तीन पिल्लं झाली, तुमच्या मालामागं.
शेवटची ओळ खोडली.
मग परत लिहिली.