दहा आठवडे थंडी

दांडिया बाजारात माझं दुकान.
पाटीवर ‘हिमालय रेफ्रिजरेशन’,
खाली पेंटरनं काढलेली तीन शिखरं,
तिसऱ्यावर शटरचा गंज ओघळलाय.

नवरात्र उरकल्यावर एक मुलगा आला,
रेबीन, फार्मसीला शिकणारा, कुर्दिस्तानातला.
सोबत ना फ्रीज, ना कंप्रेसर.
लोकरीच्या मोज्यात तीन कांदे.
म्हणाला, चाचा, दहा हफ्ते ठंड चाहिए.
किराये पे.

हॉस्टेलच्या फ्रीजवर भरवसा नाही,
पोरं ऑम्लेटात घालतील.

कांद्यांना साल नव्हती, जाळी होती,
वाळल्या गवतानं विणल्यासारखी.
बर्फ वितळतो त्या उतारावर, दगडांच्या सांदीतून
त्याच्या आईनं सुरीच्या टोकानं काढलेले.
आयरिस, तो म्हणाला. मग त्यांच्याकडचं नाव.
ते मला दोनदा ऐकूनही जमेना.

बत्तीस वर्षं मी थंडी दुरुस्त करतो.
आइस्क्रीमवाल्याची, लसींची,
एकदा शवागाराची, रात्री दोन वाजता.
अशी मोजून, रुजवायला
कुणी मागितली नव्हती.

जुना एकदारी फ्रीज होता, गिऱ्हाईक न्यायला न आलेला.
त्याचा थर्मोस्टॅट चारवर बांधला,
आत डालड्याचा डबा, डब्यात वाळू.
शेजारचे रमणीकभाई डोकावले,
‘डुंगळी छे?’
मी म्हटलं, पाहुणे आहेत. दार लावा.

एक कांदा सडला.
दुसऱ्याला नुसतं पान फुटलं,
बोटांत फिरवलं तर चौकोनी,
चार कडांचं, टोकाला टणक.
तिसरा बाहेर आला तो उत्तरायणला,
बाजार बंद, सगळं शहर गच्चीवर,
दुकानात मी आणि वीतभर जांभळं,
पाकळीवर पिवळी रेघ,
जणू कुणी चुन्याला हळद लावायला जाऊन थांबलं.

रेबीन धावत आला, बोटाला मांजाची चीर.
फोनवर आई. तिनं बराच वेळ पाहिलं
आणि वाद घालायला लागली:
रंग फिका आहे, आपला असा नसतो.
मग मला काहीतरी विचारलं.
रेबीन म्हणाला, विचारतेय, तुमच्याकडे डोंगर कुठला?
पावागड, मी म्हटलं.
मग राहवेना. म्हटलं,
पण थंडी माझी आहे, सांग तिला.

बिलबुकात तपशील लिहिला:
हिवाळा, नग एक.
मजुरीचा रकाना अजून कोरा.

फूल तीन दिवस टिकलं.
वाळूत हात घातला तर कांदा फुटलेला,
तांदळाच्या कण्यांएवढ्या सात-आठ कुड्या,
प्रत्येकीला जाळी, तेवढीच बारीक.
रेबीन म्हणतो, फुलायला चार वर्षं.
त्याची पदवी दोनच वर्षांत आहे.

त्या आता काडेपेटीत आहेत,
फ्यूजच्या तारेशेजारी, खणात.
उन्हाळ्याचं मला काही करावं लागत नाही,
तो इथला त्यांना चालतो.
ओल यायच्या आत मात्र
सिलिका जेलची पुडी टाकायला हवी.