नेहमीसारखं

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात
दस्तगीरभाईंच्या शेजारी तिसरा दिवस.
लॅपटॉपखाली ओलसर गोणपाट.

फोन येतो: "नेहमीसारखं."
ते वहीत लिहितात: चाळीस लाद्या, पहाटे तीन, जुना धक्का.
माझा सहाय्यक विचारतो:
कृपया संख्या सांगा. कृपया वेळ निवडा.
कृपया.

"एवढ्यात बांगडा कुजेल रे."

मी रकाने खोडतो,
चार वर्षांच्या वह्या आत ओततो.
आता त्याला 'नेहमीसारखं' कळतं.

मग सोलकरचा फोन. तोच शब्द, जरा सावकाश.
पडद्यावर लगेच चाळीस.
दस्तगीरभाईंचं पेन वरच.
"जाळं फाटलं काय, सुभान?"
पलीकडे नुसता वारा.
"...वीसच द्या."

हा प्रश्न
कुठल्या रकान्यात घालू?
कर्सर लुकलुकतोय.
खाली वीस लाद्या
घसरत टेम्पोत चालल्यात.