वरच्या मजल्यावरची यादी

गुरुवार. हेक्समचा पब, जिन्यात ओले कोट.
यादीत सात नावं; नऊला उभी राहणार
मानधन घेऊन आलेली पाहुणी.

हेडली उठतो, निवृत्त पोस्टमन.
हातातला कागद गाण्याआधीच थरथरतो.
खलाशाचं तेच गाणं, तिसऱ्या कडव्याला तीच ठेच.
तिकीट काढून आलेलं जोडपं
ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधू लागतं.

"पाठ करून ये" म्हणू? कसं म्हणू?
याच खुर्चीवरून विनिफ्रेडने मला
अकरा वर्षं सांभाळून घेतलं.

मग धृपद येतं, आणि खोली
न सांगता त्याच्या सुराखाली हात घालते.
पाहुणीही, डोळे मिटून, खर्जात.

जोडपं तरी निघून जातंच.

मी हेडलीचं नाव खोडत नाही.
फक्त पुढच्या गुरुवारी जरा खाली सरकवतो,
मध्यंतराला लागून,
जिथे तसाही ग्लासांचा आवाज असतो.