वासी उतराण, दांडिया बाजार

चिमट्यात गळ घट्ट बसवतो.
चिमटा तोच, ज्यात एकतीस वर्षं
लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत केल्या.
आता त्याच्या तोंडात आठ नंबरचा गळ,
गळावर फतेपुऱ्याच्या खाटकाने दिलेलं
कोंबड्याच्या मानेचं पीस
(पैसे घेत नाही, नुसता हसतो),
मंगळ बाजारातली चनियाचोळीची उरलेली जर,
आणि डोळ्यांना दोन मणी, मुद्दाम जड,
म्हणजे डोकं आधी बुडतं.

ह्याला स्ट्रीमर म्हणतात.
माशी नव्हे. माशी पाण्यावर बसते,
हा पाण्याखालून पळतो: बोटभर मासा,
एका कुशीत जरा दुखावलेला.
पोटाला हळदी दोरा, अंगावर शाईचे ठिपके,
तीर्थन नदीतल्या थोराड ट्राउटला
तिचंच पिल्लू वाटावं असे.
खाते ती. स्वतःचंही खाते.
हे मी शरयूला कधी सांगितलं नाही.

शरयूचा प्रश्न निराळा, एकवीस वर्षं तोच:
"दोन दिवस गाडीत बसायचं,
बर्फाच्या पाण्यात मांडीपर्यंत उभं राहायचं,
मासा धरायचा, आणि सोडून द्यायचा?
कायस्थ ना आपण?
पावसाळ्यात भरूचचा पाला दारात येतो की."
ह्यावर मला उत्तर सुचलेलं नाही.
पाला मात्र दोनदा वाढून घेतो.

यंदा गुडघा नवा बसवला.
डॉक्टर म्हणाले, गोटे, शेवाळ, वाहतं पाणी, विसरा.
विसरायचं म्हणून मी गच्चीवर आलो,
उतराणीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना.
केबलवर फाटके पतंग,
टाकीच्या पायांना गुंडाळलेला गुलाबी मांजा,
कोपऱ्यात कालच्या उंधियूचं पातेलं, मुंग्यांसकट.
दांडीचे चार तुकडे जोडले.
पक्कडीने गळाचं टोक कापलं.
पोपटी लाईन सोडली, सुतळीएवढी जाड.

शेजारून हेत, वय वर्षं सात:
"काका, पतंग क्यां छे?"
"पाण्यात."
तो कठड्यावरून वाकून खाली गल्लीत बघतो.

मागे फेक. थांब,
पाठीमागे लाईन सरळ होऊ दे.
पुढे. टाकीच्या सावलीच्या काठावर पडू दे.
हातभर ओढ. ओढ. थांब.

तिथे, गळक्या नळाच्या ओलीत,
मणीबेनची राखी मांजर.
ओढतो तोवर ढिम्म, मिशीसुद्धा हलत नाही.
कान तेवढे वळतात.
ओढ. ओढ.
मग मी थांबतो, आणि पीस
श्वास सोडल्यासारखं पसरतं,
जर एकदा चमकून विझते,
आणि ती येते,
खडकाखालून यावी तशी, आधी सावली, मग तोंड.

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं.
एप्रिलचं राखाडी, फुगलेलं पाणी,
मागे लागलेली हातभर सोनेरी पाठ,
आणि मी घाबरून भराभर ओढत सुटलो.
जखमी मासा इतका पळत नाही.
तिला ते कळलं. ती वळली.

जिन्यात शरयू, हातात दोन कप.
किती वेळ उभी होती कोण जाणे.
चहा कठड्यावर ठेवते, पदर खोचते,
आणि मांजरीवरची नजर न काढता म्हणते,
"परत थांब ना. मघाशी थांबलास तसा."

थांबलो.
मांजरीने पिल्लू तोंडात धरलं ते थेट कठड्यावर,
तिथून पटेलांच्या पत्र्यावर, तिथून पलीकडे.
रीळ किंचाळतंय, पोपटी लाईन
बोटांतून सरसर निघून चाललीय
तिसऱ्या गच्चीकडे,
हेत उड्या मारतोय, "लपेट! काका, लपेट!"
शरयूचा हात माझ्या कोपरावर आहे,
आणि मी लपेटत नाही.