पाणी कुठे मुरतं

रात्री दोनला टॅलो क्रीकमध्ये
स्प्रिंकलरसुद्धा झोपलेले असतात,
कायद्यानं झोपवलेले.
तेव्हा मी रस्त्याला कान लावते.
पगारपत्रकावर या कामाला लांबलचक नाव आहे;
आई शेजारणीला सांगते,
"टेक्ससला पाणीखात्यात आहे. नळ ऐकते."

गावाच्या नावात ओढा आहे.
ओढ्यात वाळू, वाळूत टायरच्या खुणा.
तलाव एकोणीस टक्क्यांवर.
होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार
भेगाळलेल्या चिखलाशी येऊन थांबलाय,
पुढचं वाक्य विसरल्यासारखा,
आणि शेजारी पाटी अजून उभी:
खोल पाणी. मुलांकडे लक्ष ठेवा.

दर महिन्याला उत्तरेकडे दोनशे नवी घरं,
दर महिन्याला कौन्सिलची बैठक.
कुणी म्हणतं, ऐंशी मैलांवरून नदी आणा.
कुणी म्हणतं, सांडपाणीच धुऊन पुन्हा प्यायला द्या,
आणि मागच्या रांगेतून ओकारीचा आवाज येतो.
मी उभी राहिले, हातातला कागद थरथरत होता:
शंभर गॅलन आपण शुद्ध करतो,
त्यातले बावीस कुणाच्याच मीटरवर उमटत नाहीत.
माझ्या भाषेत म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय,
म्हणजे कुणीतरी लबाडी करतंय.
इथे लबाड कुणी नाही.
पाणी खरोखरच मुरतंय.
हे शेवटचं मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

नवे दर मंजूर झाले, चार विरुद्ध तीन.
पहिले तीन हजार गॅलन स्वस्त, पुढे चढता जिना.
दुसऱ्याच महिन्यात ओफेलिया ओर्नेलास बिल घेऊन आली.
हिरवळ नाही, पोहायचा हौद नाही,
दोन खोल्यांत नऊ माणसं.
जिना नेमका तिच्याच दारात चढला होता.
आम्ही अर्जात एक चौकोन वाढवला: घरात किती जण?
त्या चौकोनाला पाच महिने लागले.

मला ऐकायला शिकवलं व्हर्लन टिडवेलनं,
निवृत्तीआधीच्या सहा आठवड्यांत.
सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर,
दुसरं कानामागच्या हाडाला.
हेडफोनवर विश्वास ठेव, म्हणाला, पण आधी हाडावर.
गळती फुसफुसत नाही, गुणगुणते;
पोळ्या लाटताना बाई स्वतःशीच गुणगुणते तशी.
(पोळ्या माझ्या. तो बिस्किटं म्हणाला होता.)

मेस्कीट गल्लीत, सव्वातीनला, ती ऐकू आली.
एकोणीसशे एकतीसचा बिडाचा नळ,
मिनिटाला अकरा गॅलन, किती वर्षं कोण जाणे.
वर लर्लीन स्ट्राउडचं पिकॅनचं झाड,
अख्ख्या गल्लीत तेवढंच हिरवं.
त्र्याऐंशीची लर्लीन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची,
झाड जिद्दीचं आहे, माझ्या नवऱ्यासारखं.

आम्ही खणलं.
मुळं नळाला अशी बिलगलेली
की कुऱ्हाड उचललेला पोरगाही क्षणभर थांबला.
दुरुस्तीला दोन तास.
वार्षिक अहवालात एक ओळ, बावीसचे एकवीस.

ऑगस्टात शेंड्याची पानं तांबूस झाली.
लर्लीन दारात आली.
मी खुलासा केला, आकडे दिले.
"बरोबरच असेल तुझं, पोरी," म्हणाली,
आणि जाळीचं दार ओढून घेतलं.

आता बुधवारी अन् शनिवारी
गाडीत दोन बादल्या असतात,
तांदळाचं धुवण, भाजीचं, अंघोळीचं,
वळणावर डुचमळत.
झाड वाचेल असं नाही.
एवढ्या थोराड झाडाला बादलीनं काय होतंय?
माती डोळ्यांदेखत सगळं पिऊन टाकते,
खिडकीतला पडदा किंचित हलतो.

मी वहीत लिहिते:
मेस्कीट गल्ली, दहा गॅलन.
कुठे मुरलं, माहीत आहे.