पुढचं पान

बसा की ओ. तिकडं अजून एक सतरंजी आहे.
माइक नको, बोळ केवढी आपली.
आणि नागनाथअण्णा, मागचे दोन माग चालूच राहू द्या,
खटखट थांबली तर तुमची मजुरी
मी कुठल्या लेखाशीर्षात दाखवू?

हे महापालिकेचं अंदाजपत्रक.
इरप्पाच्या दुकानात काट्यावर ठेवलं, सव्वा किलो भरलं.
त्यात आपला प्रभाग साडेतीन पानांचा.
त्यातलं एक पान नुसतं मागल्या वर्षी न झालेल्या कामांचं.
मी म्हटलं, शिळं आहे हे.
अकाउंटवाले चिट्टे हसले : शिळं नव्हे मॅडम, कडक भाकरी,
वर्षभर टिकते.

गटार मंजूर आहे.
निविदा दोनदा निघाली, ठेकेदार एकदाही आला नाही.
म्हणतो, आधी जुनी बिलं द्या.
त्याचंही खोटं नाही.
दवाखान्यात डॉक्टरीणबाई मंगळवार-शुक्रवार,
खोकल्याचं औषध संपलंय, पट्ट्या आहेत.
दिवे अकरा आले.
आठ लागले, दोन गोदामात,
एक माझ्या दिराच्या दारात.
उद्या काढते.

माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची.
कारखान्यात मुकादम मूठभर बाजूला सारायचा,
छाट.
छाटीतली विडी पुढं जाते कुठं,
तिनं जन्मात विचारलं नाही.
मी सभागृहात विचारलं :
आमच्या पाइपलाइनचे बावीस लाख गेले कुठं?
उत्तर आलं, पुनर्विनियोजन.
मी तो शब्द हातावर लिहून घेतला.
घरी येऊन भाजी चिरेपर्यंत पुसला गेला होता.

आमच्या घरात तेलुगू, भिंतीपलीकडं कन्नड, समोर उर्दू.
नीळ्ळू म्हणा, नीरु म्हणा, पानी म्हणा,
येतं पाचव्याच दिवशी.

आता कमान.
तुम्ही कुणी विचारणार नाही, म्हणून मीच सांगते.
चार लाख दहा हजार.
वर माझं नाव, माहेरच्या आडनावासकट,
पद्मजा येलदंडी-सामल.
लागली त्या दिवशी मी तीनदा रिक्षातून खालून गेले,
एकदा तर उगाच.
आता भर उन्हात वळसा घालून
मागच्या बोळातून येते.
हे पुस्तकात नाही. तरी लिहून ठेवा.

तर पाणी. पाण्याचं असं आहे, की उजनीपासून
इथवर जी नवी

आलं!

कोण ओरडलं कळलं नाही.
सतरंज्या उठल्या. घागरी, डबे, पिंपं,
कुणाच्या तरी सुनेच्या हातात नुसता तांब्या.
बोळभर मोटारी घुरघुरल्या,
व्होल्टेज पडलं, अण्णांचे माग
अडखळले, आणि थांबलेच.
सभा संपली असं मी म्हटलं नाही.
म्हणायला समोर कोण होतं?
माझ्याही घरी पिंप रिकामं,
आणि नळाखाली धरायला कुणी नाही.
चष्मा पाकिटात घातला.

तेवढ्यात दिसली, दोन चपलांच्या ढिगांमध्ये
बसलेली बसव्वा.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
कात्री चालू.
अगं, तुझी घागर?
आमच्या गल्लीला नळ कुठाय, ती म्हणाली,
वाच की तू. पुढचं पान वाच.

मी चष्मा परत काढला.
पुढच्या पानावर तिची गल्ली नव्हती.
त्याच्या पुढच्याही.
शाळेतल्या पोरीसारखं ओळीखाली बोट धरून
मी मोठ्यानं वाचत गेले,
रस्ते, वृक्षगणना, मोकाट कुत्री, संकीर्ण,
आणि ती प्रत्येक आकड्याला
हूं म्हणत राहिली,
पान कापत.